केमोआधी गाठीला खूण कशाला? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात स्तनाच्या कॅन्सरमध्ये 'आधी केमो, मग ऑपरेशन' हा क्रम का लावतात यावर मी लिहिलं होतं. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं एकाच वस्तूबद्दल आहेत: केमो सुरू होण्याआधी गाठीत बसवायची क्लिप. मी सर्जन नाही, केमो देणारी डॉक्टरही नाही. रत्नागिरीत सोनोग्राफी-मॅमोग्राफी करते, सुईने गाठीचे तुकडे घेते आणि ही क्लिप बसवते. त्यामुळे हा महिना क्लिपचा. थायरॉईडवाल्यांनी रागावू नये, त्यांची पत्रं पुढच्या वेळी.

प्रश्न: आईचं वय ५४. डाव्या स्तनात साडेचार सेंटिमीटरची गाठ, बायोप्सीत कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणतात, आधी सहा महिने केमो, पण त्याच्याही आधी गाठीत धातूची क्लिप बसवू. आई म्हणते, 'गाठ काढूची सोडून हे आणखी काय ता आत घालतत?' वाडीतले लोक सांगतात, सुई लागली की कॅन्सर पसरतो, आणि इथे तर धातू. काय करावं? (एक मुलगा, देवगड तालुका)

उत्तर: तुमच्या आईंचा प्रश्न मला माझ्या खोलीत नेहमी ऐकू येतो, एवढ्या ठसक्यात नाही, इतकंच.

केमो आधी देण्याची मुख्य कारणं दोन. गाठ आकसली तर अख्खा स्तन काढण्याऐवजी तेवढा भाग काढून भागतं. आणि औषध लागू पडतंय की नाही हे गाठ जागेवर असतानाच कळतं. ऑपरेशननंतर केमो दिली तर मोजायला काही उरलेलंच नसतं. जगण्याच्या हिशेबात केमो आधी दिली काय नि नंतर दिली काय, फरक पडत नाही. अमेरिकेत १९८८ साली सुरू झालेल्या 'बी-१८' या अभ्यासाने ते दाखवलं. मात्र आधी केमो घेतलेल्या गटात स्तन वाचलेल्या बायका जास्त होत्या: १०० मध्ये ६८, दुसऱ्या गटात ६०.

आता गंमत बघा. औषध जितकं चांगलं लागू पडेल, तितकी सर्जनची पंचाईत. हर-टू पॉझिटिव्ह (हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेल्या) आणि ट्रिपल निगेटिव्ह (ते प्रथिन जास्त नसलेल्या आणि हॉर्मोनवरही न वाढणाऱ्या) जातीच्या गाठींमध्ये आजची औषधं दिल्यावर साधारण निम्म्या बायकांत, काही गटांत त्याहून जास्त, ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागात पसरणारा कॅन्सर सापडत नाही. हॉर्मोनवर वाढणाऱ्या गाठींत हे प्रमाण बरंच कमी. म्हणजे सहा महिन्यांनी टेबलावर आई झोपलेल्या असतील, सर्जन हात फिरवतील आणि हाताला काहीच लागणार नाही. सोनोग्राफीतही काही दिसेल याची खात्री नाही. तरी ती जागा काढावीच लागते, कारण डोळ्यांना आणि मशीनला न दिसणाऱ्या पेशी तिथे उरलेल्या असू शकतात. पण 'ती जागा' म्हणजे कुठली? स्तन हा मऊ अवयव. बाई उभी असताना गाठ एकीकडे, आडवी झाली की दुसरीकडे, हात वर घेतला की तिसरीकडे. 'डाव्या बाजूला वरती होती' यावर कुणी सुरी चालवू नये. भातकापणी होऊन सगळं एकसारखं दिसायला लागलं की मोजणीवाला आधी हद्दीचा दगड विचारतो. क्लिप हा तो दगड.

कातडीवर पक्क्या शाईचे ठिपके गोंदूनही खूण करतात. स्वस्त आहे, काहीच नसण्यापेक्षा उत्तम. पण कातडी आतल्या मांसावरून सरकते आणि ठिपका खोली सांगत नाही. म्हणून आतली खूण हवी.

क्लिप असते टायटॅनियमची किंवा स्टीलची, दोन ते तीन मिलिमीटरची. काहींना भोवती जेलसारखं वेष्टण असतं. त्या सोनोग्राफीत नंतरही बऱ्या दिसतात. नुसता धातू काही महिन्यांनी सोनोग्राफीत शोधणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा, तिथे मॅमोग्राफीच कामाला येते. बसवायला बाईला टेबलावर आडवं करून हात डोक्यावर घ्यायला सांगतो. कातडी बधिर करण्याचं इंजेक्शन चुरचुरतं. दुखण्याचा मुख्य भाग तोच. मग सोनोग्राफीत बघत बघत सुई गाठीच्या मध्यावर न्यायची, दांडा ढकलायचा, क्लिप सोडायची. बायोप्सीच्या वेळी झाला तसा 'टॉक' आवाजही होत नाही. टाका नाही, भरती होणं नाही. थोडा वेळ जागा दाबून धरतो, पट्टी लावतो. नंतर थोडं काळंनिळं पडेल, ते उतरतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मात्र आधी सांगा. लगेच हलक्या दाबाने मॅमोग्राफीचे दोन फोटो घेतो, एक वरून, एक बाजूने, कारण क्लिप क्वचित सुईच्या वाटेवरून थोडी सरकते. सरकली असेल तर किती आणि कुठल्या बाजूला, हे लिहून ठेवलं की काम भागतं.

सुईने कॅन्सर पसरण्याबद्दल: आईंची बायोप्सी झाली, तेव्हा वापरलेली सुई काही बारीक नव्हती आणि तिच्याशिवाय गाठ कुठल्या जातीची, कुठलं औषध द्यायचं, हे कळलंच नसतं. सुईने तुकडा घेतल्यामुळे बायकांचं आयुष्य कमी होतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आणि क्लिपनंतर लगोलग केमोच सुरू होणार आहे. टायटॅनियम शरीराला मानवतं. हाड मोडल्यावरच्या पट्ट्या, दातांचे इम्प्लांट त्याचेच असतात. 'हवा लागली की पसरतो', 'लोखंड लागलं की पसरतो' हे सांगणारे सुखरूप घरी बसलेले असतात, गाठ तुमच्या आईंची वाढत असते.

वेळ महत्त्वाची. पहिल्या सलाईनच्या आधी बसवणं सगळ्यात चांगलं. राहूनच गेलं तर पहिल्या-दुसऱ्या केमोपर्यंत, गाठ अजून स्पष्ट दिसत असताना. हर-टू किंवा ट्रिपल निगेटिव्ह असेल तर तेवढंही थांबू नका, त्या गाठी भराभर विरतात. एकाहून जास्त गाठी असल्या तर प्रत्येकीत वेगळ्या आकाराची क्लिप बसवतात. मोठ्या गाठीच्या कडांनाही कधी कधी खुणा करतात, कारण सगळ्याच गाठी मध्याकडे आकसत नाहीत. काही फुटून बेटाबेटांनी उरतात.

आणि आता जे मला खरं सांगायचं आहे ते. आपल्याकडे एका बाईचे उपचार एका छपराखाली क्वचितच होतात. बायोप्सी रत्नागिरीत, क्लिप माझ्याकडे, केमो कोल्हापुरात नाहीतर डेरवणला, ऑपरेशन मुंबईत. तिकडच्या सर्जनने तुमच्या आईंची गाठ कधी पाहिलेलीच नसते. त्यांना ती कागदावरच भेटते. तेव्हा क्लिपइतकाच तिचा रिपोर्ट महत्त्वाचा. माझं मत विचाराल तर काकणभर जास्त. बाहेर पडण्याआधी रिपोर्ट वाचून बघा. त्यात असं काहीतरी लिहिलेलं हवं: 'डावा स्तन, घड्याळाच्या २ च्या काट्यावर, निपलपासून ४ सेंटिमीटर, कातडीखाली दीड सेंटिमीटर, गाठ अमुक बाय अमुक मिलिमीटर, रिबन आकाराची टायटॅनियम क्लिप गाठीच्या मध्यात, अमुक तारखेला.' काखेत क्लिप असेल तर ती वेगळी लिहिलेली. हे सगळं लिहिलेलं नसेल तर माझ्यासारखीला पुन्हा टेबलाशी बसवा आणि लिहून घ्या. आम्हाला राग येत नाही, आला तरी हरकत नाही. बायोप्सीचा रिपोर्ट, केमोआधीच्या सोनोग्राफी-मॅमोग्राफीच्या फिल्म आणि सीडी, क्लिपनंतरचे दोन फोटो, सगळं एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत. पावसाळ्यात एसटीच्या टपावरच्या बॅगेत ती पिशवी टाकू नका, मांडीवर ठेवा. प्रत्येक कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये.

बाहेरून आयात केलेल्या क्लिपा महाग पडतात, हे खरं. ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनी बंद करायला टायटॅनियमच्या छोट्या क्लिपा वापरतात. काही डॉक्टर त्याच सुईतून गाठीत सोडतात. काम होतं. महात्मा फुले योजनेत उपचार चालू असतील तर क्लिपचा खर्च कशात बसतो हे आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा.

आईंना सांगा, गाठ काढायचीच आहे. काढताना ती सापडावी म्हणून हे आत घालतत.

प्रश्न: माझं वय ४१, ट्रिपल निगेटिव्ह. चार केमो झाल्या, गाठ हाताला लागत नाही. क्लिप कुणी बसवली नाही, मला हे माहीतही नव्हतं. अजून चार केमो आहेत आणि मग ऑपरेशन सांगितलंय. गाठच गेली तर ऑपरेशन कशाचं? आणि क्लिप नसल्यामुळे आता स्तन पूर्ण काढावा लागेल का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर: पाचव्या केमोच्या आधी सोनोग्राफी करून घ्या. पुढच्या आठवड्यात नाही, या आठवड्यात. हाताला न लागणारी गाठ मशीनला पुष्कळदा दिसते: एक काळसर डाग, थोडी ओढलेली जागा. असं काही दिसलं तर त्यात आताही क्लिप बसवता येते आणि तुमचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. जाताना जुने रिपोर्ट न्या. तिथे बसलेल्या डॉक्टरला केमोआधीचं चित्र समोर हवं, नाहीतर ती अंधारात चाचपडेल.

सोनोग्राफीत काहीच नसलं तर पहिली मॅमोग्राफी काढा. गाठीत चुन्याचे कण होते का बघा. केमोने पेशी मेल्या तरी हे कण सहसा जात नाहीत, तेच खूण म्हणून कामी येतात. केमोआधी एमआरआय झाला असेल तर आणखी चांगलं. नवा काढून दोन्ही शेजारी ठेवता येतात. यातलं काहीही नसेल तर सर्जनला जुन्या मापांवरून, घड्याळाच्या काट्यावरून आणि निपलपासूनच्या अंतरावरून जागा ठरवावी लागते, थोडा जास्त भाग काढावा लागतो. पूर्ण स्तन काढायचा सल्ला मिळू शकतो, पण 'क्लिप नाही म्हणून' एवढ्यावर तो पटकन मान्य करू नका. कारण विचारा, हवं तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

ऑपरेशन कशाचं, हा प्रश्न तुम्ही एकट्या विचारत नाही. गाठ दिसत नाही याचा अर्थ गाठ नाही असा होत नाही. सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि एमआरआय तिन्ही मिळूनही ती खात्री देऊ शकत नाहीत. २०१८ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात दहा जुन्या अभ्यासांमधल्या ४,७५६ बायकांचा एकत्र हिशेब छापून आला. केमो आधी घेतलेल्यांचा स्तन जास्त वेळा वाचला, आयुष्यात फरक नव्हता, पण त्याच स्तनात पंधरा वर्षांत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण आधी केमो घेतलेल्यांत २१.४ टक्के होतं, नंतर घेतलेल्यांत १५.९. हे अभ्यास १९८३ ते २००२ मधले, आणि त्यांतल्या काहींमध्ये गाठ गेली म्हणून ऑपरेशनच न केलेल्या बायकाही होत्या. लेखकांनी उपाय सांगितले ते असे: गाठीची जागा काटेकोर ठरवा, काढलेला भाग नीट तपासा, रेडिएशन योग्य द्या. पहिला उपाय म्हणजे आपण बोलतोय तोच.

ऑपरेशनशिवाय भागेल का, यावर संशोधन चालू आहे. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन संस्थेने २०२२ साली ५० बायकांवरचा एक छोटा अभ्यास छापला. केमोनंतर जाड सुईने जुन्या गाठीच्या जागेचे पुष्कळ तुकडे घेतले. ३१ जणींमध्ये काही सापडलं नाही, त्यांना ऑपरेशन न करता फक्त रेडिएशन दिलं आणि सुमारे दोन वर्षांत त्यांच्यापैकी कुणाचा कॅन्सर परत आला नव्हता. ऐकायला छान. पण आकडा लहान आहे, मुदत थोडी आहे आणि तिथेही तुकडे घेतले ते क्लिपच्या आधाराने. गुहागरात बसून तो प्रयोग स्वतःवर करू नका.

आणखी एक. काढलेल्या भागात कॅन्सर उरला होता की नाही, यावर तुमचं पुढचं औषध ठरतं. ट्रिपल निगेटिव्हमध्ये उरला असेल तर कॅपेसिटाबीनच्या गोळ्या देण्याचा फायदा २०१७ च्या एका अभ्यासात दिसला आहे. हर-टू वाल्यांना अशा वेळी टी-डीएम-वन हे इंजेक्शन देतात. म्हणजे ऑपरेशन हे काढून टाकणं आहे तसंच ते मोजणंही आहे.

प्रश्न: पत्नीला क्लिप बसवलेली आहे. केमो संपली. आता सांगतात की ऑपरेशनच्या दिवशी सकाळी स्तनात तार घालणार. क्लिप असताना तार कशाला? तिचं धाबं दणाणलंय. (एक नवरा, मालवण)

उत्तर: क्लिप सर्जनला डोळ्यांनी दिसत नाही, हातालाही लागत नाही. ती आम्हाला दिसते. तार म्हणजे आम्ही सर्जनच्या हातात दिलेला धागा.

सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीत बघत बारीक सुई क्लिपपर्यंत नेतात, तिच्यातून तार सोडतात, सुई काढून घेतात. तारेच्या टोकाला आकडा असतो म्हणून ती सरकत नाही. बाहेरचं टोक चिकटपट्टीने छातीवर बसवतात. जागा बधिर केलेली असते. खरी अडचण वेगळी: ऑपरेशनमुळे बाई उपाशी, त्यात घाबरलेली, त्यामुळे तार घालताना काहींना घेरी येते. आधीपासून तसा त्रास असेल तर सांगा, आम्ही आडवं झोपवूनच करू. नंतर त्या हाताने पिशव्या उचलायच्या नाहीत, पट्टी ओढायची नाही, आणि तुम्ही 'कशी आहे बघू' म्हणून तिथे हात लावायचा नाही.

सर्जन तारेच्या मागाने जाऊन क्लिपसकट तो भाग काढतात. काढलेल्या भागाला दोरे बांधतात, सहसा वरच्या बाजूला आखूड आणि बाहेरच्या बाजूला लांब, म्हणजे पॅथॉलॉजिस्टला (काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या डॉक्टरला) दिशा कळते. मग पत्नी भुलीखाली असतानाच त्या तुकड्याचा एक्स-रे काढतात. त्यात क्लिप दिसली की जखम शिवायची. हा एक्स-रे काढणार आहात ना, हे ऑपरेशनच्या आधी नम्रपणे विचारून ठेवा. माझ्या लेखी सगळ्या प्रक्रियेतला सगळ्यात शहाणपणाचा फोटो तो आहे. क्लिप कुठे होती हे पॅथॉलॉजिस्टलाही कळलं पाहिजे. कॅन्सर पूर्ण विरलेला असेल तर नेमकी कुठली चकती काचेखाली धरायची, हे त्याला क्लिपच सांगते.

तारेशिवायही पद्धती आहेत: चुंबकाने शोधायची बी (दाण्यासारखी बारीक खूण), किरणोत्सारी बी, रडारवाली खूण, ऑपरेशन टेबलावरच सोनोग्राफी. बी आधीच बसवता येते, त्या दिवशी सकाळची धावपळ वाचते. पण चुंबकाच्या बीला तिचं वेगळं यंत्र लागतं आणि खर्चही लागतो. किरणोत्सारी बीला किरणोत्साराचे सगळे नियम. जिथे यंत्र आहे आणि हात बसलेला आहे तिथे जरूर घ्या. केवळ ते नवं आहे म्हणून कर्ज काढू नका. सवयीच्या हाताने घातलेली तार आपलं काम चोख करते.

प्रश्न: आई हर्णै बंदरावर मासळी विकते. तिच्या काखेत अवधाण (सुजलेली ग्रंथी) आहे, त्यातही कॅन्सर निघाला. डॉक्टर त्या अवधाणातही क्लिप बसवणार म्हणतात. ओळखीच्या एका बाईंचा काखेच्या ऑपरेशननंतर हात सुजून भोपळा झालाय. आई विचारते, हात गेला तर पाटी कोण उचलणार? (आईच्या सांगण्यावरून, एक मुलगी)

उत्तर: आईंना सांगा, काखेतली क्लिप हात वाचवण्याच्याच खटपटीचा भाग आहे.

पूर्वी काखेत कॅन्सर सापडला की तिथल्या सगळ्या ग्रंथी काढायच्या हा शिरस्ता होता. हाताकडून येणारा पाझर त्यांच्यातूनच जातो. त्या गेल्या की पाणी अडतं आणि हात सुजतो. सगळ्या ग्रंथी काढलेल्या बायकांत साधारण पाचातल्या एकीला सूज येते, मोजक्याच काढल्या तर शंभरात पाच-सहा जणींना. केमोने काखेतला कॅन्सर पुष्कळदा पूर्ण जातो. मग सगळ्या कशाला काढायच्या? निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव टोचून पाझर आधी पोचतो त्या पहिल्या दोन-चार ग्रंथी ओळखायच्या, काढायच्या, तपासायच्या.

यात एक खोच आहे. २०१३ मध्ये छापलेल्या 'झेड १०७१' या अभ्यासात, ज्यांच्या काखेत केमोनंतरही कॅन्सर उरला होता अशा बायकांपैकी १२.६ टक्क्यांमध्ये या पहिल्या ग्रंथी स्वच्छ निघाल्या आणि कॅन्सर दुसऱ्याच ग्रंथीत लपलेला होता. मग विचार असा आला की, जी ग्रंथी केमोआधी बिघडलेली होती, तिलाच खूण करा आणि तीही हमखास काढा. एम. डी. अँडरसनच्या २०१६ च्या अभ्यासात असं केल्यावर ही चूक २ टक्क्यांवर आली. आणि त्यांना असंही दिसलं की, खूण केलेली ग्रंथी सुमारे चौथ्या हिश्शाच्या बायकांत रंगाने ओळखलेल्यांमध्ये नव्हतीच. खूण नसती तर ती आतच राहिली असती.

मात्र हे सगळ्यांना लागू नाही. केमोनंतरही काखेत गाठी हाताला लागत असतील किंवा सुरुवातीलाच त्या फार होत्या, एकमेकींना चिकटलेल्या होत्या, तर सगळ्या काढणंच योग्य, तिथे भावनेला जागा नाही. पण क्लिप आत्ता बसवली नाही तर सहा महिन्यांनी निवडच उरणार नाही. काखेतली क्लिप पुन्हा सापडायला स्तनातल्या क्लिपपेक्षा अवघड असते, म्हणून सोनोग्राफीत दिसणारी क्लिप मागा आणि रिपोर्टमध्ये ग्रंथीची खोली लिहून घ्या.

पाटीचं म्हणाल तर, 'त्या हाताने जन्मभर काही उचलू नका' हा जुना सल्ला आता पुसला गेला आहे. २००९ साली छापलेल्या एका अभ्यासात हात सुजलेल्या बायकांना शिकवणीखाली हळूहळू वाढवत वजन उचलायला लावलं. सूज वाढली नाही, उलट तक्रारी कमी झाल्या. तेव्हा फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या, पाटी आधी अर्धी, मग पाऊण. माझी जास्त काळजी कोयतीची आहे. माशाचा काटा किंवा पातं त्या हाताला लागलं तर लगेच साबण-पाण्याने धुवायचं, आणि हात लाल झाला, तापला, थंडी वाजली तर त्याच दिवशी डॉक्टर. 'बाजार आटपून जाते' चालणार नाही. जाड रबरी मोजा मिळतो, तो घालायला लावा. गिऱ्हाईक हसेल, हसू द्या.

प्रश्न: तपासण्या झाल्या, केमो लगेच सुरू करा म्हणतात. पण गणपती तोंडावर आहेत, मुंबईहून सगळे येणार. विसर्जनानंतर क्लिप आणि केमो दोन्ही एकदम केलं तर? (एक सासूबाई, सावंतवाडी)

उत्तर: गणपती येतील, सगळे येतील, आणि या वर्षी मोदक सुना वळतील. क्लिप उद्या बसवली तरी परवा तुम्ही समोरच्या पडवीत बसून सगळ्यांना हुकूम सोडू शकता. केमोची तारीख एखाद-दोन दिवस इकडे-तिकडे करून मिळते, डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. महिनाभर पुढे ढकलू नका. पहिल्या सलाईननंतर पांढऱ्या पेशी उतरतात, साधारण दुसऱ्या आठवड्यात सगळ्यात खाली असतात. त्या दिवसांत आरतीच्या गर्दीत सर्दी-खोकल्याच्या माणसांपासून लांब.

मुंबईला जावं लागलं तर रात्रीची तुतारी पकडली की सकाळी दादर, तिथून परळचं टाटा जवळ. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत रेल्वेचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. चतुर्थीच्या दिवसांत गाड्या किती आधी भरतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

छोटे प्रश्न एकत्र घेते.

क्लिप विमानतळावर वाजते का, असं दापोलीहून एकाने विचारलंय. नाही. एमआरआय चालतो, फक्त चुंबकी बी असेल तर तिच्याभोवती चित्रात काळा डाग येतो, म्हणून तपासणीआधी सांगायचं. निकेलची ॲलर्जी असेल, खोट्या दागिन्यांनी कान चिघळत असतील, तर तेही सांगा. शुद्ध टायटॅनियमची क्लिप मागवता येते.

वेंगुर्ल्याहून एका बाईंनी कळवलंय की, त्यांचा स्तन काहीही झालं तरी पूर्णच काढायचा ठरलाय, मग क्लिपचा खर्च कशाला? तुमचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. सर्जनला तुमच्या बाबतीत जागा शोधायची नाही. पॅथॉलॉजिस्टला मात्र शोधायची आहे, आणि काढलेल्या अख्ख्या स्तनात विरलेल्या गाठीची जागा शोधणं सोपं नसतं, म्हणून क्लिपचा उपयोग उरतो. पैशांची ओढाताण असेल तर स्तनातली क्लिप सोडा, पण काखेतल्या ग्रंथीत कॅन्सर निघाला असेल तर तिथली सोडू नका. आणि केमोनंतर आपलं मन बदलू शकतं, गाठ फारच लहान झाली तर सर्जनही वेगळा विचार करू शकतात, हे ठरवताना धरून चला.

ऑपरेशन होऊन वर्ष झालं आणि मॅमोग्राफीत 'चार-पाच धातूच्या क्लिपा दिसतात' असं लिहून आलंय, आमच्या डॉक्टरांनी काही विसरलं का, असं चिपळूणहून विचारलंय. विसरलेलं नाही. गाठ काढल्यावर त्या पोकळीच्या भिंतींना सर्जन मुद्दाम क्लिपा लावतात, रेडिएशन देणाऱ्याला नेमकी जागा कळावी म्हणून. त्या तिथेच राहतात. ऑपरेशनच्या कागदावर त्यांची नोंद असेल. पुढच्या मॅमोग्राफीला तो कागद सोबत न्या.